घसरलेल्या साखरेची नोंद कोण ठेवणार?

आपल्या घरांमध्ये मधुमेहाविषयी जे बोलले जाते, ते बहुतांशी एकाच दिशेने. साखर वाढली, भात कमी केला, चहा बिनसाखरेचा केला, डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. रविवारी मायदेशी फोन लावला की आपला पहिला प्रश्नही तोच असतो : "शुगर किती आली?" आणि आकडा मागच्या वेळेपेक्षा कमी असला, की दोन्हीकडे समाधान. मात्र तो आकडा किती कमी आला, दिवसाच्या कोणत्या वेळी आला आणि त्या वेळी आई घरात एकटीच होती का, हे आपण क्वचितच विचारतो. मधुमेह म्हणजे वाढलेली साखर हे समीकरण मनात इतके पक्के बसले आहे, की उपचार सुरू झाल्यावर साखर धोक्याच्या पातळीखालीही जाऊ शकते आणि अनेकांची वारंवार जाते, ही गोष्ट नजरेआडच राहते.

या घसरणीला वैद्यकशास्त्रात हायपोग्लायसेमिया म्हणतात. ब्रिटनमधील रुग्णालयांत परिचारिका तिला नुसते 'हायपो' म्हणतात आणि आपल्या घरी 'शुगर लो झाली' असे म्हटले जाते. शब्द कोणताही वापरला, तरी मुद्दा एकच. ती किती जणांना होते, कोणाला अधिक होते आणि परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याबाबत काय करता येईल, याचा विचार करण्यासाठी हा लेख आहे. औषधांत बदल करण्याचा अधिकार डॉक्टरांचाच. परंतु डॉक्टरांना काय सांगायचे आणि काय विचारायचे, हे आपणच ठरवायचे असते.

किती खाली म्हणजे खाली?

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, की ती पहिल्या पातळीची घसरण. ५४च्या खाली गेली, की दुसऱ्या पातळीची आणि गंभीर. तिसऱ्या पातळीला मात्र आकड्याची अट नाही. स्वतःला सावरता येत नाही आणि दुसऱ्या माणसाची मदत घ्यावीच लागते अशी अवस्था आली, की ती तीव्र घसरण मानली जाते.

येथे परदेशस्थांची एक खास अडचण आहे. भारतातील यंत्रे मिलिग्रॅममध्ये आकडा दाखवतात, तर ब्रिटनमधील यंत्रे मिलिमोल प्रति लिटरमध्ये. तिकडचे ७० म्हणजे इकडचे ३.९, तिकडचे ५४ म्हणजे इकडचे ३.०. इकडच्या आकड्याला १८ने गुणले की तिकडचा आकडा मिळतो. ब्रिटनमध्ये व्यवहारात '४ हा तळ' समजला जातो, म्हणजे साधारण ७२. आई फोनवर "पासष्ट आली" म्हणाली, तर ते इथले ३.६ होत, आणि तो आकडा अभिनंदनाचा नसून तत्काळ काहीतरी गोड घेण्याचा आहे. आम्ही संगणकाच्या क्षेत्रात काम करणारी माणसे एककांच्या गोंधळातून काय काय बिघडते हे रोज पाहतो. आई-वडील इकडे राहायला येतात तेव्हा हा गोंधळ थेट स्वयंपाकघरात येतो. म्हणून दोन्ही एककांचा छोटा तक्ता फ्रिजवर लावून ठेवणे हे शहाणपणाचे.

आकडे काय सांगतात

इन्शुलिनचा शोध १९२१ साली टोरोंटोत लागला आणि जानेवारी १९२२मध्ये ते प्रथम एका मुलाला टोचले गेले. त्याआधी टाइप १ मधुमेह म्हणजे मृत्यूची वाट पाहणे होते. पण या जीवनदायी औषधाची दुसरी बाजूही त्याच प्रयोगशाळेत दिसली. सशांना ते टोचल्यावर त्यांची साखर इतकी उतरे, की त्यांना झटके येत, आणि ग्लुकोज दिल्यावर ते पुन्हा सावरत. इन्शुलिनचे सुरुवातीचे 'युनिट' हे माप सशाची साखर झटके येण्याच्या पातळीपर्यंत उतरवणाऱ्या मात्रेवरूनच ठरवले गेले होते. म्हणजे घसरण ही काही चुकून होणारी दुर्मीळ बाब नव्हे. औषधाच्या कार्यातच ती दडलेली आहे.

मग ती किती जणांना होते? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतासह २४ देशांतील इन्शुलिन घेणारे २७,५८५ रुग्ण होते. त्यांना चार आठवडे रोजनिशी ठेवण्यास सांगण्यात आले. टाइप १ असलेल्या ८३ टक्के रुग्णांना त्या चार आठवड्यांत किमान एकदा तरी साखर घसरल्याचा अनुभव आला. टाइप २मध्ये हे प्रमाण ४६.५ टक्के, म्हणजे जवळपास निम्मे. वर्षाच्या हिशेबाने टाइप १च्या रुग्णामागे सरासरी ७३ आणि टाइप २च्या रुग्णामागे १९ घटना. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : मागचे आठवून सांगताना रुग्णांनी जितक्या घटना सांगितल्या, त्यापेक्षा रोजच्या रोज लिहिताना अधिक नोंदल्या. विसरलेली घसरण ही न झालेली घसरण नसते.

इन्शुलिन न घेणाऱ्यांचे काय? २०१५ साली टाइप २ मधुमेहाविषयीच्या ४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पाच लाखांहून अधिक रुग्ण होते, गोळ्यांवर असलेले आणि इन्शुलिनवर असलेले, दोन्ही. त्यात सुमारे ४५ टक्के लोकांना सौम्य, तर ६ टक्के लोकांना तीव्र घसरण झाल्याचे आढळले. सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्यांचा समावेश असलेल्या उपचारांतही सौम्य घसरण सुमारे ३० टक्क्यांत दिसली.

ब्रिटनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांवर नऊ ते बारा महिने लक्ष ठेवले गेले. सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांपैकी ७ टक्के लोकांना त्या काळात दुसऱ्याची मदत लागेल इतकी तीव्र घसरण झाली. टाइप २मध्ये इन्शुलिन सुरू करून दोन वर्षेही झाली नव्हती त्यांच्यातही ७ टक्केच. मात्र पाच वर्षांहून अधिक काळ इन्शुलिन घेणाऱ्यांत हे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले, आणि टाइप १ पंधरा वर्षांहून जुना असलेल्यांत ४६ टक्क्यांवर. आजार जितका जुना, तितका हा धोका मोठा. 'इतकी वर्षे काही झाले नाही, आता काय होणार' हा आपल्याकडचा दिलासा म्हणूनच फसवा आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३मध्ये आले. त्यानुसार भारतात मधुमेही १० कोटींहून अधिक आहेत. त्यांतील सर्वांना घसरणीचा धोका नाही. परंतु ज्यांना आहे त्यांची संख्याही कोटींत मोजावी लागेल, हे उघड आहे.

धोका कोणाला, कोणाला नाही

भीती पसरवणे हा आमचा हेतू नाही. केवळ आहार-व्यायामावर किंवा फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाची साखर धोकादायक पातळीखाली सहसा जात नाही. ग्लिप्टिन गटातील आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी नवी औषधे एकटी घेतली, तर त्यांच्यापासूनही हा धोका अल्प असतो. धोका मुख्यतः दोन ठिकाणी आहे : इन्शुलिन, आणि स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही त्यांची नावे. जेवण झाले किंवा चुकले, तरी या औषधांचे काम सुरूच राहते.

या गोळ्या स्वस्त आहेत आणि साखर खात्रीने उतरवतात. ज्या घरात औषधाचा महिन्याचा खर्च मोजून ठरतो, तेथे त्या उपकारकच ठरल्या आहेत. पण त्यांतही फरक आहे. ग्लिबेनक्लामाइडचा अंमल दीर्घकाळ टिकतो. मूत्रपिंडे मंदावलेल्या वृद्धांत तर तो आणखी लांबतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतच हे औषध साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी योग्य नसल्याची टीप आहे. तरीही जुन्या चिठ्ठीवर तीच गोळी वर्षानुवर्षे आणली जाते, कारण चिठ्ठी बदलण्यासाठी कोणी डॉक्टरांकडे गेलेलेच नसते. भारतात व्हिल्डाग्लिप्टिनचे पेटंट २०१९मध्ये आणि सिटाग्लिप्टिनचे २०२२मध्ये संपले, अनेक कंपन्यांनी ती औषधे बाजारात आणली आणि किमती उतरल्या. एके काळी न परवडणारा पर्याय आज अनेक घरांच्या आवाक्यात आला आहे. पुढच्या भेटीत आई-वडिलांच्या गोळ्यांची पाकिटे हातात घेऊन त्यांवरील नावे वाचावीत, आणि त्यांच्या डॉक्टरांना एवढेच विचारावे : या वयात, या मूत्रपिंडांसह, हीच गोळी अजून योग्य आहे का?

वय, मूत्रपिंडांचा विकार, घटलेली भूक, घटलेले वजन, स्मृतिभ्रंश आणि एकटे राहणे या प्रत्येक गोष्टीने धोका वाढतो. म्हणूनच वृद्ध व अनेक व्याधींनी ग्रासलेल्या रुग्णांसाठी तज्ज्ञ साखरेचे लक्ष्य सैल ठेवण्यास सांगतात. साखर जितकी खाली तितके चांगले, हा समज २००८ साली एका मोठ्या अमेरिकी चाचणीने खोडून काढला. दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या त्या चाचणीत ज्या गटाची साखर अतिशय काटेकोरपणे उतरवली गेली, त्या गटात मृत्यू अधिक झाल्याने ती काटेकोर पद्धत मध्येच थांबवावी लागली. तीव्र घसरणीही त्याच गटात कितीतरी अधिक होत्या. त्या मृत्यूंचे कारण घसरणच होते असे सिद्ध झालेले नाही; पण सर्वांना एकच माप लावणे घातक ठरू शकते, एवढे स्पष्ट झाले.

इशारा न देणारी घसरण

मेंदू शरीराच्या वजनाचा जेमतेम दोन टक्के भाग, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो वापरतो आणि त्यासाठी प्रामुख्याने ग्लुकोजवर अवलंबून असतो. साखर उतरू लागली, की शरीर प्रथम ॲड्रिनलिनद्वारे हाकाटी देते : घाम, थरथर, छातीत धडधड, कडकडून भूक. तरीही साखर उतरतच राहिली, की मेंदूची उपासमार सुरू होते. मग बोलणे अडखळते, नजर धूसर होते, माणूस विनाकारण चिडतो, हट्टाला पेटतो, गोंधळतो आणि शेवटी झटके येऊन बेशुद्ध पडतो.

यांतील पहिला टप्पा वारंवारच्या घसरणीने बोथट होत जातो. टाइप १ असलेल्या प्रौढांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांना हा इशारा नीट मिळत नाही. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्याही थरथर आणि धडधड झाकून टाकू शकतात. घाम मात्र तेवढा उरतो. दिलासा इतकाच, की काही आठवडे घसरण कटाक्षाने टाळली तर हरवलेला इशारा बऱ्याच अंशी परत येऊ शकतो.

रात्र हा आणखी एक अंधारा कोपरा. टाइप १च्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या अमेरिकी चाचणीत तीव्र घसरणीच्या निम्म्याहून अधिक घटना झोपेत घडल्या होत्या. ओली उशी, भीतिदायक स्वप्ने, सकाळचे जड डोके ही रात्रीच्या घसरणीची चिन्हे असू शकतात. ती कोणी सांगत नाही, कारण ती साखरेशी संबंधित असतील असे कोणाला वाटत नाही.

दुसऱ्या टप्प्यातील माणूस बाहेरून दारू प्यायल्यासारखा दिसतो. झोकांडी, तोतरे बोलणे, विचित्र उत्तरे. पंचशीलातील पाचवे शील आयुष्यभर पाळलेल्या उपासकाला रस्त्यावर पडलेला पाहून लोक 'पिऊन पडला आहे' म्हणत पुढे जातात, यासारखी दुसरी विटंबना नाही. गळ्यात वा खिशात 'मी मधुमेही आहे, इन्शुलिन घेतो' असे कार्ड असणे म्हणजे कमीपणा नव्हे. आपल्याकडे झटके आले की कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची रीत अजूनही आहे. त्यात जी मिनिटे जातात, ती मेंदूच्या उपासमारीची असतात.

आणि तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी, म्हणजे एचबीए१सी? ती उपयुक्तच आहे, पण ती सरासरी आहे. एखाद्या संगणकप्रणालीचा सरासरी वेग उत्तम असून ती रोज पहाटे तीन वाजता कोलमडत असेल, तर त्या सरासरीच्या भरवशावर कोणी शांत झोपणार नाही. दिवसा ३०० आणि पहाटे ५० यांची सरासरी कागदावर छान दिसते. म्हणूनच दंडावर चिकटवलेल्या सेन्सरने दिवसरात्र मापन करण्याची पद्धत महत्त्वाची ठरली. तिचे मान्य लक्ष्य असे : बहुतेक रुग्णांत ७०च्या खालचा काळ दिवसाच्या ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे तासाभराच्या आत, असावा, वृद्धांत तो १ टक्क्याहून कमी, म्हणजे पंधरा मिनिटांच्या आत. ब्रिटनमध्ये मार्च २०२२पासून टाइप १च्या सर्व प्रौढांना आणि दिवसातून अनेकदा इन्शुलिन घेणाऱ्या टाइप २च्या रुग्णांपैकी ज्यांना वारंवार वा तीव्र घसरण होते अशांना हे सेन्सर द्यावेत, अशी राष्ट्रीय मार्गदर्शिकेची शिफारस आहे. मात्र घसरण नोंदलेलीच नसेल, तर या शिफारशीचा लाभ मागायचा तरी कशाच्या आधारे?

उपोसथ, वर्षावास आणि औषधाची वेळ

आपल्या उपासक-उपासिकांपैकी अनेक जण पौर्णिमेला उपोसथ पाळतात, काही जण वर्षावासाचे तीन महिने अष्टशीलांचे पालन करतात. विकालभोजनापासून विरत राहणे, म्हणजे मध्यान्हानंतर न जेवणे, हे त्यांतील एक शील. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांतही जुने साधक दुपारनंतर केवळ लिंबूपाणी घेतात. निरोगी शरीराला हे सहज झेपते. पण संध्याकाळची ग्लिमेपिराइड किंवा रात्रीचे इन्शुलिन नेहमीच्याच मात्रेत घेऊन रात्रीचे जेवण सोडले, तर पहाटेची घसरण आपण स्वतःच ओढवून घेतलेली असते.

या बाबतीत मुस्लिम समाजात झालेल्या अभ्यासांकडून शिकण्यासारखे आहे. २००१ साली १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेहींचा अभ्यास झाला, तेव्हा रमजानमध्ये तीव्र घसरणीचे प्रमाण टाइप १मध्ये ४.७ पटींनी आणि टाइप २मध्ये ७.५ पटींनी वाढल्याचे दिसले. त्यानंतर त्या समाजातील डॉक्टरांनी आणि धर्मज्ञांनी एकत्र बसून मार्गदर्शिका सिद्ध केली : कोणी रोजा ठेवू नये, कोणी औषधाची मात्रा आधीच बदलून घ्यावी, आणि साखर ७०च्या खाली गेल्यास रोजा त्वरित सोडावा. आपल्या उपोसथासाठीही हाच शहाणपणा अवलंबता येतो. वर्षावास सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे आणि 'दुपारनंतर जेवणार नाही' असे स्पष्ट सांगावे. शिबिराच्या अर्जात आजार आणि औषधे लपवू नयेत.

शील मोडेल ही भीती ज्यांच्या मनात आहे, त्यांनी विनयपिटकातील महावग्ग आठवावा. आजारी भिक्खूंसाठी भगवान बुद्धांनी पाच भैषज्यांना अनुमती दिली : तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित, म्हणजे काकवी-गुळाच्या जातीचा गोड पदार्थ. ती दुपारनंतरही घेता येतात. भिक्खूंच्या कठोर नियमांतही मध आणि गूळ औषध म्हणून मान्य असतील, तर थरथरत्या हाताने तो घेताना उपासकाने संकोच बाळगण्याचे कारण नाही. त्याच महावग्गात अतिसाराने लोळागोळा झालेल्या, सहकाऱ्यांनी टाकून दिलेल्या भिक्खूची शुश्रूषा बुद्धांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी केल्याचा प्रसंग आहे. शरीराला छळून मुक्ती मिळत नाही, हे त्यांनी स्वानुभवाने जाणले होते.

खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले होते. त्यांना इन्शुलिन घ्यावे लागे, पायांच्या वेदना त्यांनी सोसल्या, आणि डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांच्या पथ्यपाण्याची व औषधांची काळजी वाहिली. राज्यघटनेच्या अखेरच्या टप्प्यातील आणि धम्मक्रांतीच्या तयारीतील श्रम या आजारासह झाले. हा आजार लपवण्याचा नव्हे, नीट सांभाळण्याचा आहे, हे सांगायला आपल्यासाठी याहून जवळचे उदाहरण नाही.

समारंभ, रांगा आणि उशिराचे जेवण

दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर तासन्‌तास रांगेत उभे राहणारे आपले वृद्ध सकाळचे इन्शुलिन घेऊन निघालेले असतात. चालणे अधिक, खाणे कमी, आणि रांग सोडायची नाही हा निर्धार. घसरणीला लागणारे सारे काही तेथे एकत्र येते. खिशात ग्लुकोजची पुडी आणि सोबत एक जाणते माणूस, एवढी तयारी त्या रांगेत प्राण वाचवू शकते.

परदेशातील आमच्या समारंभांकडेही याच नजरेने पाहायला हवे. १४ एप्रिलचा कार्यक्रम साडेदहाचा म्हणून साडेअकराला सुरू होतो. वंदना, स्वागत, पाहुणे, भाषणे, मुलांची नृत्ये, आणि जेवण तीन वाजता. सभागृहाच्या मागच्या रांगेत बसलेल्या काकू घाम पुसत आहेत, हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि 'भाषण चालू असताना उठणे बरे नव्हे' म्हणून त्याही उठत नाहीत. सर्व मंडळांना आमची विनंती आहे : जेवणाची वेळ निमंत्रणपत्रिकेवर छापा आणि पाळा. एक वाजता औषध घेणाऱ्यांसाठी वेगळे ताट तयार ठेवा. एका टेबलावर फळांचा रस, ग्लुकोज आणि साखर मोजण्याचे यंत्र असू द्या, आणि ते कोठे आहे हे सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगावे. यास फारसा खर्च येत नाही.

कामाच्या ठिकाणचेही तसेच. स्वतःविषयीची एखादी गोष्ट सहकाऱ्यांपासून लपवून वावरण्याचा ताण आपल्या समाजाला नवा नाही. पण मधुमेह लपवण्याची किंमत जीवाने मोजावी लागू शकते. ब्रिटनच्या २०१०च्या समता कायद्याखाली मधुमेहाला संरक्षण मिळू शकते, आणि साखर तपासण्यासाठी वा खाण्यासाठी विश्रांती मागणे हा तेव्हा हक्क ठरतो. इन्शुलिन घेऊन वाहन चालवणाऱ्यांना येथील परवाना कार्यालयास कळवावे लागते. निघण्यापूर्वीच्या दोन तासांत साखर तपासायची आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी. ५च्या खाली असेल तर आधी काही खायचे. ४च्या खाली असेल तर गाडी चालवायचीच नाही, आणि साखर पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटे थांबायचे.

त्या क्षणी काय करावे

माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल, तर १५ ते २० ग्रॅम जलद साखर द्यावी : पाण्यात विरघळवलेली तीन-चार चमचे साखर वा ग्लुकोज पावडर, किंवा १५० ते २०० मिलिलिटर फळांचा रस. पेढा, लाडू, चॉकलेट नको. त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज पडल्यास पुन्हा द्यावे. साखर सावरल्यावर पोळी, बिस्किटे किंवा दूध द्यावे. जो व्होग्लिबोज वा अकार्बोज घेतो, त्याला घरातली साधी साखर लवकर लागू पडत नाही. त्याच्यासाठी ग्लुकोजच हवे. भारतात व्होग्लिबोज बरेच दिले जाते, म्हणून हे ध्यानात ठेवावे.

माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. साखर चोळणे, पाणी ओतणे यांमुळे श्वास कोंडू शकतो. त्याला कुशीवर वळवावे आणि ब्रिटनमध्ये ९९९, महाराष्ट्रात १०८ला फोन करावा. घरात ग्लुकागॉन असेल आणि ते कसे द्यायचे हे शिकलेले असेल, तर द्यावे. सल्फोनिलयुरियामुळे झालेली घसरण काही तासांनी पुन्हा येऊ शकते. म्हणून अशी तीव्र घसरण झालेल्या वृद्धाला 'आता बरे वाटते' म्हणून घरीच ठेवू नये.

दूर राहून काय करता येईल

"थोडी गरगर झाली होती रे, गुळाचा खडा खाल्ला, बरं वाटलं." फोनवरचे हे वाक्य आपल्यापैकी किती तरी जणांनी ऐकले असेल. आई ते सहज बोलून जाते, आपणही पुढच्या विषयाकडे वळतो. वास्तविक ती एक नोंद असते. त्या वेळी यंत्रावर किती आकडा होता, घड्याळात किती वाजले होते, आधीचे जेवण केव्हा झाले होते, गोळी कोणती होती, एवढे चार प्रश्न लगेच विचारावेत आणि उत्तरे लिहून ठेवावीत. महिनाभरात अशा तीन नोंदी झाल्या, तर त्या कागदाचा फोटो डॉक्टरांपर्यंत पोहोचवावा. रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत, या दोन मौनांच्या मध्ये ही घसरण वर्षानुवर्षे दडून राहते.

नोंद ठेवणे म्हणजे घाबरून साखर वाढवून ठेवणेही नव्हे. काही जण एकदा घसरण अनुभवल्यावर भीतीने जास्त खातात, औषध टाळतात, आणि डोळे, पाय, मूत्रपिंडे यांची हानी ओढवून घेतात. घसरणीची कारणे सहसा शोधता येतात : चुकलेले जेवण, वाढलेले चालणे, उपाशीपोटीचे मद्य, वयाबरोबर न बदललेली मात्रा. कारण सापडले, की उपाय बहुधा साधा असतो.

येत्या रविवारी फोन लावाल तेव्हा "शुगर किती आली?" या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक प्रश्न असू द्या : "या महिन्यात शुगर कधी उतरली होती का?" आणि उत्तर 'हो' आले, तर फोन ठेवण्याआधी तारीख, वेळ आणि आकडा लिहून घ्या.